गवतपड

चित्रकलेच्या मास्तराला वर्षाकाठी किती डोंगर तपासावे लागतात याची बाहेरच्या माणसाला कल्पना यायची नाही. 'निसर्गचित्र' म्हटले की मुले डोळे मिटून दोन डोंगर काढतात, त्यांच्या फटीतून सूर्य वर आणतात, सूर्याखालून नदी सोडतात, नदीकाठी एक झोपडी, झोपडीशेजारी एक नारळ, आणि उरलेल्या जागेत हिरवा रंग. आमची शाळा डोंबिवलीची. वर्गाच्या खिडकीतून इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. हवा स्वच्छ असली तर फार तर मलंगगडाचा सुळका. तरीही चाळीस वह्यांतून चाळीस नद्या वाहतात, आणि मीही 'छान' असा शेरा देऊन त्यांना वाहू देतो.

गेल्या वर्षी एलिमेंटरीच्या परीक्षेचा सराव चालू होता. स्मरणचित्राला मी विषय दिला, 'माझ्या आठवणीतले गाव'. आठवीतल्या एका मुलाने सबंध कागद पिवळा करून आणला. ना डोंगर, ना नदी. खाली पिवळा, वर फिकट निळा, मध्ये एक आडवी रेघ. त्या रेघेवर तीन मेंढ्या आणि काठी टेकून उभा असलेला एक माणूस, तोही अंगठ्याच्या नखाएवढा. मला वाटले, पोराने आळस केला. मी म्हटले, "अरे, एवढी मोकळी जागा सोडायची नसते. गवत आहे ना हे? मग हिरवं कर. आणि दोन झाडं घाल."

मुलगा मुळात अबोल. वडील इकडे रिक्षा चालवतात. गाव बारामती तालुक्यात, सुप्याजवळ. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मोकळी नाही जागा. गवत आहे. आमच्याकडं पिवळंच असतं."

मी त्याला दहापैकी चार गुण दिले.

रात्री जेवताना ही हकीकत मी गंमत म्हणून घरात सांगितली. बायको हसली, मुलगी हसली. बाबा मात्र घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आपण गवत कापायला जायचो तवा ते कुठल्या रंगाचं असायचं?"

माझ्याने उत्तर देववले नाही.

आमचे गाव कल्याण-शिळ रस्त्याच्या आत. खाली भाताची खाचरे आणि वर वरकस. आमच्या ठाणे जिल्ह्यात भातखाचरांच्या वरच्या अंगाला जी हलकी, उंचसखल जमीन असते तिला वरकस म्हणतात. तिच्यात कोणी नाचणी-वरी करी, कोणी नुसते गवत राखी. आमचे तीन एकर गवताचेच. आषाढात ते गुडघ्याएवढे, श्रावण-भाद्रपदात कमरेएवढे. नवरात्रात त्याला तुरे यायचे आणि दिवाळीच्या तोंडाशी सगळा माळ पिकलेल्या केळ्यासारखा पिवळा व्हायचा. संध्याकाळच्या उन्हात त्यावर तांबूस झाक यायची. वारा सुटला म्हणजे माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी तरी पाठीवरून हात फिरवतो आहे असे वाटायचे.

दिवाळीची सुट्टी म्हणजे आम्हा भावंडांना गवताची कापणी. पहाटे उटणे लावून आंघोळ, मग दोन करंज्या आणि चकली, आणि मग हातात विळा. दव असेपर्यंत गवत मऊ असते, म्हणून लवकर निघायचे. आई आणि आत्या कापीत, बाबा भारे बांधीत, आम्ही वाहत असू. गंजी रचून झाली की मालट्रक येई आणि गवत ठाण्या-मुंबईच्या तबेल्यांना जाई. त्या पैशातून आमचे फटाके येत. म्हणजे सगळ्या कामाच्या शेवटी येत. तोवर दुसऱ्यांचे ऐकायचे.

या गवताला एके काळी फार मोल होते. जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू-उंबरगावकडे, १९४५ च्या ऑक्टोबरात वारली मजुरांनी गवतकापणीची मजुरी वाढावी म्हणून संप केला. त्या लढ्यात गोळीबार झाला, माणसे मेली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले असेल त्यांना ते सांगायला नको. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ज्याला आपण आज रिकामी जागा म्हणतो तिच्यावरून माणसांनी प्राण दिले आहेत.

कापणीचा एकच त्रास असे, कुसळांचा. कुसळ म्हणजे एका जातीच्या गवताचे बी. त्याला पुढे सुईसारखे टोक आणि मागे लांब शेपूट. चड्डीच्या काठात घुसले की संध्याकाळपर्यंत टोचत राहायचे. रडायला लागलो की बाबा एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर थुंकीचा थेंब टाकत. बघता बघता ते शेपूट पीळ सोडू लागे आणि कुसळ जिवंत असल्यासारखे गरगर फिरे. "बघ, पाणी लागलं की ते स्वताच जमिनीत शिरतं. त्याला पेरावं लागत नाय." रडणे तिथेच थांबे. पुढे कळले की ही जादू नव्हे. ओलाव्याने शेपटीचा पीळ सुटतो, सुकल्यावर पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखे मातीत उतरते.

घरात मी पहिला मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण बाबा अजून मॅट्रिकच म्हणतात. म्हणून कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. सातबाऱ्यावर पीकपाहणीच्या रकान्यात आमच्या वरकसापुढे दरवर्षी एकच शब्द असे : गवतपड. या शब्दाची मोठी मौज आहे. बाबांना त्यातले 'गवत' दिसे; जमिनीच्या दलालाला त्यातली 'पड' दिसली. २००८ साली तो आमच्या ओटीवर चहा पीत बसला होता. कागदावर बोट ठेवून त्याने मला विचारले, "पडीकच आहे ना हो, मास्तर?" मी म्हटले, "हो, पडीकच."

खोटे कशाला बोलू? त्या पैशातून डोंबिवलीचा हा ब्लॉक झाला, धाकटीचे लग्न झाले, आईचे औषधपाणी झाले. माळ विकला याचा मला पश्चात्ताप होतो असे म्हणण्याइतका मी ढोंगी नाही. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस. शाळा सांभाळून दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांत चाळ आहे, लोकल आहे, पाऊस आहे. गवत कुठेही नाही. टोचतो तो 'पडीक' हा शब्द. तो माझ्या तोंडून गेला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन झाल्यावर बाबांनी विचारले होते, "यंदा गवत कोण कापनार?" कोणीच काही बोलले नाही. शेजारच्या इमारतीत तेव्हा फटाक्यांची मोठी माळ लागली होती, त्यामुळे प्रश्न ऐकू आला नाही असे दाखवणे आम्हा सर्वांना सोपे गेले.

तर त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि विचारले, "तुझं ते पिवळं गाव बघायला येऊ का?" त्याला आधी वाटले मी रागावलो आहे. मग त्याने आजोबांना फोन लावला आणि निरोप आणला, "या म्हणतोय."

संक्रांतीच्या सुमारास बाबांना घेऊन मी निघालो. पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगावला उतरलो आणि चौफुल्यावरून सुप्याला गेलो. मुलाचा काका जीप घेऊन थांबला होता. तिथून जवळच मोरगावचा मयूरेश्वर. त्याच्याच नावाने सुप्याच्या या माळरानाला मयूरेश्वर अभयारण्य म्हणतात. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्र म्हणाल तर पाच चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. वाघ-सिंहांच्या अभयारण्यांपुढे ही म्हणजे परसदारची बाग. पण ते राखले आहे ते चिंकाऱ्यासाठी, आणि चिंकाऱ्याला घनदाट अरण्य नको असते. त्याला लांबवर दिसले पाहिजे.

फाटकापाशी मुलाचे आजोबा उभे होते. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. चित्रातला नखाएवढा माणूस तो हाच. त्यांनी बाबांना पाहून हात जोडले, "या पाव्हणं." तिकिटे काढली आणि आम्ही आत शिरलो.

पहिला पाव तास मला काहीच दिसले नाही. नुसता माळ. पिवळे गवत, मधूनच बोरी-बाभळीचे झुडूप, मुरमाची तांबडी वाट आणि वर भलेमोठे आभाळ. डोंबिवलीत आभाळ गॅलरीच्या मापाने मिळते. इथे ते कुठे संपते हेच कळेना. सह्याद्रीच्या पलीकडे पावसाच्या सरी फार कमी पोचतात. आमच्याकडे वर्षाला शंभर इंच, तर इथे वीसेक. एवढ्या पाण्यावर रान वाढत नाही. गवत मात्र झकास वाढते आणि पुढच्या पावसापर्यंत जमीन धरून ठेवते. हा काही उजाड झालेला मुलूख नव्हे. तो असाच आहे, आणि पूर्वीपासून असाच आहे.

जीप एका उंचवट्यापाशी थांबली. बाबा उतरले आणि थेट गवतात जाऊन उकिडवे बसले. एक काडी मोडून त्यांनी दाताखाली धरली. आजोबाही शेजारी टेकले. मग त्या दोन म्हाताऱ्यांचे जे चालले ते मी उभ्यानेच ऐकत राहिलो. "हे पवन्या," आजोबा सांगत, "हे मारवेल, दुभत्या जनावराला लई चांगलं. हे डोंगरी." बाबांना आमच्याकडची नावे वेगळी, पण ते हाताने चाचपून ओळख पटवत होते. एका तुऱ्यापाशी दोघेही एकदम म्हणाले, "कुसळ!" आणि हसले. बाबांना असे हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

"तुमच्याकडं कापत्यात का गवात?" आजोबांनी विचारले.

"कापायचो."

"आन् आता?"

बाबा थोडे थांबले. "आता तिथं मानसं राहतात," ते म्हणाले. "चांगली मानसं हायेत. लिफ्ट हाय." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

इतक्यात काकाने हळूच शीळ घातली. शंभरेक पावलांवर गवत हलत होते असे मला वाटले, आणि त्या गवतालाच कान फुटले. तीन चिंकारे. अंगावर वाळल्या गवताचा तांबूस रंग, पोट पांढरे, तोंडावर डोळ्यापासून नाकापर्यंत गडद पट्टा, आणि सारखी हलणारी काळी शेपटी. नराची शिंगे उभी आणि वळ्यावळ्यांची; मादीलाही शिंगे असतात, पण बारीक. काळविटांसारखा यांचा मोठा कळप नसतो. दोघे-तिघे, फार तर पाच-सहा. पाण्यासाठी हे प्राणी फारसे अडून बसत नाहीत. पाल्यातला ओलावा आणि पहाटेचे दव यांवर पुष्कळ दिवस काढतात. नराने आमच्याकडे रोखून पाहिले, पुढचा खूर आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला, आणि तिघेही उड्या घेत गेले. गेले म्हणजे कुठे गेले? गवतातच. पुन्हा नुसता माळ. पण आता तो मला रिकामा दिसेना.

त्यानंतर एकेक दिसू लागले. वाटेवर मातीच्या ढेकळासारखा बसलेला चंडोल. चुरूचुरू धावून मधेच थबकणारा धाविक. वाटेच्या कडेला आजोबांनी काठीने दाखवलेले लांडग्याचे पाऊल. आणि उन्हे कलल्यावर गवताच्या टोकांना पंख लावत उडणारे भोवत्या पक्षी. हे ससाण्यांच्या बिरादरीतले पाहुणे मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून येतात आणि इथे झाडावर नव्हे, तर गवतात, जमिनीवर झोपतात. एवढ्या लांबून येऊन त्यांनी पाहिले आणि माळ नांगरलेला किंवा बांधलेला निघाला, तर ते कोणाला विचारणार, कोण जाणे!

एका बाजूला ओळीत लावलेली झाडे होती. मी मास्तरी सवयीने म्हटले, "ही झाडं बरी आहेत, सावली झाली." आजोबा म्हणाले, "झाडं लावली की मानसाला बरं वाटतं. गवताला इचारलं न्हाई कुनी." माळ दिसला की झाडे लावायची, ही आपल्याकडची जुनी टूम. झाडाखाली गवत मरते, चिंकाऱ्याची नजर अडते, आणि जमिनीवरच्या घरट्यांवर टपून बसायला शिकारी पक्ष्यांना आयती फांदी मिळते. 'दोन झाडं घाल' असे मीही चारच महिन्यांपूर्वी एका पोराला सांगितले होते. सरकारी दप्तरांतही पुष्कळ माळराने पडजमिनीच्या यादीत गेली आणि त्या यादीतून शेताला, कारखान्याला, वस्तीला गेली. माळढोक या गवताचा राजा. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज सबंध देशात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे. राजा गेला तरी लोकांना वाटते, तिथे काही नव्हतेच.

अलीकडे थोडे वारे फिरले आहे. पुणे वनविभागाने २०२४ साली इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला माळरानाची सफारी सुरू केली. गावची पोरे वाटाड्ये होतात आणि त्यांना चार पैसे मिळतात. राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष माळराने आणि पशुपालक यांच्या नावाने ठरवले. तुम्हीही मुलांना घेऊन जा. हिवाळ्यात जा, पहाटे जा, भडक कपडे घालू नका आणि गाडीत गाणी लावू नका. पहिल्या पाव तासाला काही दिसले नाही म्हणून मात्र परत फिरू नका.

परतताना मी आजोबांना म्हटले, "तुमचं नशीब मोठं. तुमचा माळ राखला गेला." ते काठीकडे पाहत म्हणाले, "राखला, बरं झालं. पर आमची मेंढरं आत न्यायची न्हाईत. भाईर समदीकडं ऊस आन् पलाट. मंग आमी जायाचं कुठं? पोरगा तुमच्याकडं रिक्षा चालवतोय त्यो का उगंच?" मी गप्प बसलो. माळ राखायचा म्हणजे कोणासाठी, आणि त्यातून कोणाला बाहेर ठेवायचे, हा हिशेब पाच चौरस किलोमीटरांत सुटणारा नव्हे. बाबांनी मात्र खिशातून तंबाखूची चंची काढून त्यांच्यापुढे धरली. तेवढे उत्तर माझ्यापाशीही नव्हते.

डोंबिवलीला आल्यावर पहिल्या तासाला मी त्या मुलाचे चित्र मागून घेतले, चारावर काट मारली आणि नऊ लिहिले. तो म्हणाला, "सर, दहा का नाही?" मी म्हटले, "मेंढ्यांचे पाय चुकलेत." तो पहिल्यांदा हसला. आता आमच्या वर्गात एक नवी वही आहे. जिथे मुलांना 'काही नाही' असे वाटते तिथले चित्र तिच्यात काढायचे. एकीने भोपरकडच्या उरल्यासुरल्या गवतातली टिटवी आणि तिची चार अंडी काढून आणली. अंडी खड्यांसारखी दिसत होती. तशीच दिसायला हवीत.

अभयारण्यातून काही आणू नये असा नियम आहे, आणि आम्ही काही आणले नव्हते. पण कुसळाला वाचता येत नाही. घरी आल्यावर बाबांच्या पायजम्याच्या काठात पाच-सहा निघाली. त्यांनी ती फेकली नाहीत. नातीला गॅलरीत बोलावून एक तळहातावर ठेवले, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि ते फिरू लागल्यावर ती केवढ्याने ओरडली! मग बाबांनी ती सगळी तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत नुसती टाकून दिली. "पेरावं लागत नाय," ते म्हणाले.

जूनच्या पहिल्या पावसात कुंडीत हिरवी पाती दिसू लागली. बायको तण म्हणून उपटायला गेली, तेव्हा बाबा आरामखुर्चीतून उठून गॅलरीत आले. हे लिहितो आहे तेव्हा भाद्रपद संपत आला आहे. कुंडीतल्या गवताला तुरा धरला आहे आणि टोके किंचित पिवळी पडू लागली आहेत. वसुबारसेला आमच्या आळीत एकजण गाय-वासरू घेऊन येतो आणि बायका दहा रुपयांची पेंढी विकत घेऊन त्यांना घालतात. यंदा पेंढी विकत आणायची नाही, असे बाबांनी घरात जाहीर केले आहे. माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी जुना विळा काढला आणि परवा तो मला धार लावायला दिला.

गवत मूठभरच आहे. पण कोण कापणार, हे त्यांनी या खेपेला विचारले नाही.